हिटलर डावा होता म्हणे!

हिटलर डावाच होता, हा मजकूर दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून येतो. पुरावे तीन: पक्षाच्या नावात 'समाजवादी' होतं, उद्योग सरकारच्या मुठीत होते आणि स्टालिनशी करारही झाला होता.

नावाचं म्हणाल तर, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कामगारांची मतं ओढायची तर 'समाजवादी', 'कामगार' असे शब्द पाटीवर लागायचेच. सत्ता मिळाल्यावर काय केलं? १९३३ चा १ मे सरकारी सुट्टी देऊन थाटात साजरा केला आणि दुसऱ्याच दिवशी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना आत टाकलं. त्याआधी मार्चमध्ये डाखाऊची छळछावणी सुरू झाली होती. तिथले पहिले कैदी मुख्यतः कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट, म्हणजे मवाळ डावे. २३ मार्चला हिटलरला हवे ते कायदे करण्याची मुभा देणारं विधेयक आलं. निवडून आलेल्या ८१ कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नाही. विरोधात ९४ मतं पडली, सगळी सोशल डेमोक्रॅटांची. बाकीच्या पक्षांनी होकार भरला. डाव्यांचं राज्य ते हेच का?

सरकारी नियंत्रण होतं, खरं. कच्चा माल कुणाला, भाव किती, हे सरकार ठरवी. पण मालकी आणि नफा मालकांचाच राहिला. मंदीत सरकारकडे आलेले मोठ्या बँकांचे आणि पोलाद कंपनीचे शेअर्सही नाझींनी पुन्हा खाजगी हातांत दिले. ज्यूंचे धंदे बळकावले, तेही समाजाचे झाले नाहीत. बरेचसे 'आर्य' मालकांना स्वस्तात मिळाले. सरकार दांडगं असलं की समाजवाद, असा हिशेब असेल तर प्रत्येक लष्करशहा समाजवादी ठरेल.

स्टालिनशी १९३९ चा एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार झाला होता, आणि तो लाजिरवाणाच होता. (१९३८ मध्ये म्युनिकला हिटलरबरोबरच्या करारावर ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनीही सही केली होती, त्यांना कुणी नाझी म्हणत नाही.) आम्हा डाव्यांनी मान खाली घालावी असं मात्र आणखी आहे. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांच्या १२१ आणि कम्युनिस्टांच्या १०० जागा होत्या, नाझींच्या १९६. बेरीज करा, दोघे मिळून नाझींपेक्षा जास्त. पण मॉस्कोच्या धोरणानुसार कम्युनिस्टांनी सोशल डेमोक्रॅटांनाच 'सामाजिक फॅसिस्ट' ठरवलं होतं. ते धोरण राबवणारे कम्युनिस्टांचे नेते एर्न्स्ट थेलमान मार्च १९३३ मध्ये पकडले गेले. पुढे करार झाला तरी स्टालिनने त्यांना सोडवून घेतलं नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या.