खुलासा : माशाच्या तेलाची गोळी आणि हार्ट अटॅक

‘रोज एक ओमेगा-३ कॅप्सूल घ्या, हार्ट अटॅक येणार नाही, कोलेस्टेरॉलची गोळीही सुटेल’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातले दोन्ही दावे चुकीचे आहेत.

या समजाचं मूळ १९७०च्या दशकात आहे. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या आहारावर डॅनिश संशोधकांनी तेव्हा काम केलं, आणि मासे खाणाऱ्यांचं हृदय सुरक्षित असतं ही कल्पना रुजली. प्रत्यक्ष चाचण्यांनी मात्र निराशा केली. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज १ ग्रॅम माशाचं तेल दिलं होतं. २०१८ मध्ये निकाल आला : हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट नाही. मधुमेहींवरच्या ‘असेंड’ चाचणीतही तेच दिसलं.

मेसेजमध्ये ‘२५ टक्के धोका कमी’ हा आकडाही आहे. तो खरा आहे, पण दुसऱ्याच औषधाचा! ‘रिड्यूस-इट’ चाचणीत रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए (माशाच्या तेलातलं एक ओमेगा-३ मेदाम्ल) दिलं होतं, तेही ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढलेल्या आणि आधीच स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, घेणाऱ्या रुग्णांना. म्हणजे गोळी सोडून नव्हे, गोळीसोबत. दुकानातल्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातलं दुसरं ओमेगा-३ मेदाम्ल) मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतं. शिवाय मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो; हे मेसेज लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलंय.

बांगडा, तारली खुशाल खा. स्टॅटिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.