आरंभशूर माणसांनी या मुलांकडे जाऊ नये

अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याची एखादी बातमी गाजली की मला मेसेज येऊ लागतात. निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्याची चौकशी सुरू असताना अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथल्या मुलांसाठी काहीतरी करायचंय, एखादं प्रेरणादायी व्याख्यान ठेवता येईल का, दोन-चार रविवार येऊन गप्पा मारल्या तर चालेल का. यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही या कामात राहून माझं मत पक्कं झालंय आणि ते स्पष्टच सांगते. निदान वर्षभर एका मुलाला धरून राहायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका. मदतीची हौस असेल तर संस्थेला पैसे द्या, पुस्तकं द्या, वकिलाचा खर्च उचला. मुलाच्या आयुष्यात मात्र शिरू नका.

कठोर वाटेल, पण त्या मुलाच्या जागी बसून बघा. त्याच्या आयुष्यात मोठी माणसं येतात ती जाण्यासाठीच. घरातलं कुणीतरी निघून गेलेलं असतं. शाळेने नाव कमी केलेलं असतं. वकील बदलतो, परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) बदली होते, समुपदेशक ताईंचा प्रकल्प संपतो. त्यात तुम्ही जाता, प्रेमाने बोलता, तो हळूहळू उघडू लागतो आणि तेवढ्यात तुमचं ऑफिसचं काम वाढतं. तुमच्या दृष्टीने ते दोन महिने तुम्ही केलेली मदत असते. त्याच्या दृष्टीने आपल्यातच काहीतरी खोट आहे याचा तो आणखी एक पुरावा ठरतो.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या अभ्यासकांनी 2002 साली अमेरिकेतल्या मेंटॉर, म्हणजे एका मुलाला नियमित भेटून सोबत करणारी मोठी व्यक्ती, आणि मुलांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या नात्यांचा मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. पहिल्या तीन महिन्यांतच तुटलेल्या नात्यांतली मुलं मात्र, मेंटॉर मिळालाच नाही अशा मुलांपेक्षाही खाली गेली. स्वतःबद्दलचा आदर घटला, आपल्याला अभ्यास जमतो हा विश्वासही घटला. म्हणजे अर्ध्यात सोडलेली मदत ही मदत न करण्यापेक्षा वाईट.

यात एक जुनी गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1899 साली शिकागोत मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं आणि तो विचार इतर शहरांत पसरला. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कुल्टर नावाचे कारकून होते. रोज समोर येणारी मुलं बघून त्यांनी 1904 साली एका सभेत आवाहन केलं, की तुमच्यापैकी प्रत्येकाने एकेका मुलाशी मैत्री करावी. श्रोत्यांतले लोक उभे राहिले आणि 'बिग ब्रदर्स' चळवळीची ती सुरुवात ठरली. कुल्टर यांनी भाषणं द्यायला माणसं मागितली नव्हती. एका मुलामागे एक माणूस, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आपल्याकडचा ओढा बरोबर उलटा. शंभर मुलं एका हॉलमध्ये बसवायची, कुणीतरी तासभर बोलायचं, शेवटी टाळ्या. त्याहून वाईट म्हणजे धाक दाखवणं. 'तुरुंग कसा असतो ते एकदा बघू दे, सुतासारखा सरळ होईल,' हे वाक्य सुशिक्षित माणसांच्या तोंडून मी ऐकलंय. हा प्रयोग अमेरिकेत 1970च्या दशकात झाला. जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडायचे, तुरुंगातलं आयुष्य किती भयानक असतं ते सांगायचे. पुढे अशा कार्यक्रमांची काटेकोर तपासणी झाली तेव्हा तिथे नेलेल्या मुलांमध्ये गुन्हे घटण्याऐवजी वाढलेले दिसले.

चांगल्या हेतूवर माझा एवढा अविश्वास का, त्याचं आणखी एक कारण आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथे 1939 ते 1945 या काळात एक मोठा प्रयोग झाला. सुमारे 500 मुलगे, त्यातल्या निम्म्यांना समुपदेशक, घरी भेटी, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरं. हे सरासरी पाच वर्षं चाललं. जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनी या मुलांना शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी अनेकांनी ती आठवण प्रेमाने सांगितली. प्रत्यक्षात मात्र दारू, आजारपण, अकाली मृत्यू, एकाहून जास्त गुन्हे, या सगळ्यात मदत मिळालेल्या गटाचीच स्थिती जास्त वाईट होती. पुढच्या विश्लेषणात दिसलं, की सर्वांत जास्त नुकसान पुन्हा पुन्हा शिबिरांना पाठवलेल्या मुलांचं झालं. अडचणीतली मुलं एकत्र आणली की ती एकमेकांकडून शिकतात. 2005 सालच्या एका प्रयोगात 13 ते 16 वयाच्या मुलांनी मित्र शेजारी असताना गाडी चालवण्याच्या खेळात खूप जास्त धोके पत्करले. चोविशीपुढच्या लोकांत असा फरक पडला नाही. पोरगं एकटं असताना निराळं असतं आणि टोळक्यात निराळं, हे या कामातल्या कुणालाही पटेल.

मग मेंटॉरने करायचं काय? बहुतेक गोष्टी कंटाळवाण्या आहेत. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी जायचं. तारखेच्या दिवशी बालन्याय मंडळाबाहेरच्या (जिथे त्याचा खटला चालतो) बाकावर त्याच्याबरोबर बसायचं. जन्माचा दाखला नसेल तर तो काढायला मदत करायची, शाळेत परत प्रवेशासाठी मुख्याध्यापकांना भेटायचं. तो पहिले काही आठवडे खोटं बोलेल, भेटायलाच येणार नाही, मुद्दाम शिवी देईल. तुम्ही जाता की राहता, हे तो तपासून बघत असतो. उपदेश शक्यतो टाळावा. तो त्याला पोलीस, नातेवाईक आणि शेजारी यांच्याकडून भरपूर मिळालेला असतो.

गुन्ह्याबद्दल मात्र गुळमुळीत बोलू नये. कुणाला तरी मार बसलाय, कुणाचं तरी काही गेलंय. 'झालं गेलं विसर' म्हणणारा मेंटॉर त्या माणसावर अन्याय करतो आणि मुलावरही. केलेल्या कृत्याकडे बघायला त्याला जो वेळ लागतो, त्या वेळात सोबत बसता आलं पाहिजे.

काय गुप्त राहील आणि काय सांगावंच लागेल, हे पहिल्याच भेटीत उघड बोला. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असेल, किंवा त्याच्यावर कुणी अत्याचार करत असेल, तर तुम्ही गप्प बसू शकत नाही. हे आधी माहीत असेल तर तो समजून घेतो. नंतर कळलं तर तुम्ही त्याच्यासाठी खबरे ठरता.

फोटोंबद्दल माझा संताप होतो. चेहरा धूसर करून, पाठमोरा दाखवून 'आज या मुलांसोबत' अशा पोस्ट टाकू नका. या मुलांची ओळख जपली पाहिजे हे बालन्यायासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1985च्या बीजिंग नियमांत आहे, आणि आपल्या 2015च्या बालन्याय कायद्यात तर ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे. शेजारच्याला शर्टावरूनही मुलगा कळतो.

आणि तो पुन्हा पकडला गेला तर? बरेचसे मेंटॉर इथेच सोडून जातात. 'एवढं केलं, काय उपयोग?' पण वयाबरोबर गुन्हे कमी होत जातात, बहुतेक मुलं पंचविशीपर्यंत त्यातून बाहेर पडतात, हे जगभर दिसलेलं आहे. तोवर शाळा, काम, घर यांपैकी एखादा तरी दरवाजा त्याच्यासाठी उघडा राहावा, एवढंच आपलं काम. म्हणून पुन्हा अटक झाल्यावरही जायचं. रागावला असाल तर तो राग त्याच्यासमोर बोलून दाखवायचा, पण भेट चुकवायची नाही.

कधीकधी खरंच सोडावं लागतं, बदली होते, आजारपण येतं. अशा वेळी महिनाभर आधी सांगा, स्वतः सांगा, कारण खरं सांगा. शेवटच्या एक-दोन भेटींना पुढे येणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि नंतर ज्या तारखेला फोन करीन म्हणालात त्या तारखेला फोन करा.