मेंटेनन्स-फ्री डेक आणि माझे गुडघे

डेक, म्हणजे घराला लागून असलेला फळ्यांचा उघडा ओटा, घेताना सेल्सवाला म्हणाला होता, सर, हे कॉम्पोझिट आहे, ना रंग मारायचा ना पॉलिश, नुसता चहा घेऊन बसायचं. आम्ही मूळ रत्नागिरीचे, तिकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, लहानपणी गणपतीच्या आधी अंगणातलं शेवाळ खराट्याने खरवडायचं काम माझ्याकडे आणि ओसरीवर बसून सूचना द्यायचं बाबांकडे, त्यामुळे इथे अमेरिकेतल्या सिअॅटलच्या जेमतेम हजार मिलिमीटरला मी हसलो होतो.

पण आमचा पाऊस धो धो पडतो आणि निघून जातो हो. हा ऑक्टोबरला रिपरिप सुरू करतो तो उन्हाळ्यापर्यंत काही वाळूच देत नाही. तिसऱ्या वर्षी डेकवर काळे ठिपके दिसले, मला वाटलं मिरपूड सांडली. मग एका सकाळी चहा घेऊन बाहेर गेलो आणि बसलोच. धप्पकन.

आता कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक. आमच्या बोर्डांना वरून प्लॅस्टिकचं कवचही आहे, पण बुरशीला त्याचं काय, तिला वर साचलेले परागकण आणि फरच्या झाडाच्या कुजक्या सुया पोटभर पुरतात.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे, ब्लीचिंग पावडर टाक की!" मी कपड्यांचं ब्लीच ओतलं. डाग गेला, सोबत डेकचा रंगही गेला, तिथे आता वासराने चाटल्यासारखा पांढुरका पट्टा आहे. शेजारी त्याचा प्रेशर वॉशर घेऊन धावत आला, पण तोवर बायकोने माहितीपुस्तक शोधलं होतं (तीन वर्षांत पहिल्यांदा उघडलं ते), त्यात पाण्याचा दाब १५०० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) वर नेऊ नका असं ठळक छापलेलं.

शेवटी ऑक्सिजन ब्लीचची, म्हणजे क्लोरीन नसलेल्या ब्लीचची, पावडर कोमट पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ओलं ठेवलं, मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने घासलं आणि वाळायच्या आत धुवून टाकलं, नाहीतर सुटलेली घाण परत तिथेच बसते. फटींतल्या सुया डोशाच्या उलथन्याने काढल्या, फटी बुजल्या की पाणी खाली उतरत नाही, सगळं दुखणं तिथूनच. सगळ्यात घट्ट काळं वर्तुळ निघालं तुळशीच्या कुंडीखाली. ती आता चाकांच्या स्टँडवर.

हे सगळं गुडघ्यांवर चालू असताना आईचा परत फोन. तिने बाबांना हाक मारली, "अहो, बघा हो, अमेरिकेत अंगण घासतोय!" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन जवळ घेतली, बराच वेळ पाहिलं.

"डावीकडचा कोपरा राहिलाय."