बाळाचा आजार आईच्या रडण्यानं होत नाही

खानापूरच्या माझ्या मावसबहिणीच्या बाळाला प्रेडर-विली सिंड्रोम हा जनुकीय आजार असल्याचं निदान झालं आणि लगेच घरच्या ग्रुपवर तो मेसेज आला. एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. म्हणे, गरोदर बाई रडली-चिडली की बाळाच्या जनुकांवरचं मिथिलेशन, म्हणजे जनुकं बंद-चालू ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, बिघडतं आणि असे आजार होतात. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी ते आणखी बिघडतं. काढा घेतला की सगळं पूर्ववत. सासूबाईंनी तो तिला वाचून दाखवला. बाळाला दूध ओढता येत नाही म्हणून ती वाटी-चमच्यानं पाजत बसलेली.

आधी रडण्याचं. बहुतेक जनुकांच्या आई-बापांकडून आलेल्या दोन्ही प्रती चालतात. शंभरेक जनुकांची मात्र एकच चालते, आणि कुठली, हे मुख्यतः मिथिलेशन ठरवतं. 15 व्या गुणसूत्राच्या एका पट्ट्यात आईच्या प्रतीवर मिथाइलची खूण असते, म्हणून तिथली काही जनुकं बंद, बापाची चालू. बापाच्या प्रतीतला तो पट्टाच गळाला तर काम करायला कुणी उरत नाही. प्रेडर-विलीच्या दहांतल्या सातेक मुलांत हेच झालेलं असतं. बहिणीच्या बाळाच्या रिपोर्टातही तेच आहे: आईची खूण जागेवर, बापाच्या प्रतीतला पट्टा गायब. आणि बोल कुणाला लावताय? आईला! बापाचाही दोष नाही. हा तुकडा बहुधा आपसूकच गळतो. आईची खूण तर अंडपेशी वाढतानाच, दिवस राहण्याआधी लागते. पुढे भ्रूणातलं बरंचसं मिथिलेशन पुसलं जातं, तेव्हाही काही प्रथिनं या खुणा राखतात. पाचव्या महिन्यातलं रडणं तिथे पोचणार कसं?

एक गोष्ट मान्य करावी लागते. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. त्या उपासमारीत गर्भ राहिलेल्या मुलांच्या आयजीएफ-2 या जनुकावर साठेक वर्षांनंतरही भावंडांपेक्षा थोडं कमी मिथिलेशन आढळलं. हा अभ्यास 2008 चा. पण ती उपासमार होती, चिंता नव्हे. फरकही थोडाच. शेवटच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांत तो दिसलाही नाही.

फॉलिक अ‍ॅसिड बंद करायला सांगणं तर सरळ घातक. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी नीट मिटायला ते लागतं, आणि ती गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांतच मिटते, अनेकींना दिवस गेल्याचं कळायच्या आत. आशाताई देतात ती गोळी घ्याच.

काढ्यानं गळालेला तुकडा परत येत नाही. तिच्या बाळाला फिजिओथेरपी हवी, डॉक्टर सांगतील तसं वाढीचं हार्मोन हवं, आणि पुढे भूक अनावर होईल तेव्हा खाण्यावर अख्ख्या घराचं लक्ष हवं. काकू, मावशी, तो मेसेज ग्रुपवरून आजच काढा.