रिकाम्या चौकटी आणि शाहजहानची अंगठी

परवा रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयातले फोटो टाकले आणि तासाभरात चार जणांनी एकच वाक्य लिहिलं: ‘सगळी लूट आहे.’ त्यात माझे दोन जुने विद्यार्थीही आहेत. त्यांना दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, पण ते दोन ओळींत मावेना. म्हणून हे सविस्तर लिहितेय. वेळ काढून वाचा.

मी सातारा जिल्ह्यात तीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती मुलं बसवली त्याचा हिशेब नाही. दरवर्षी सहल औंधला न्यायची, यमाईच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात. रविवर्म्याची मूळ चित्रं मुलांनी तिथेच पाहिली. डच चित्रकार रेम्ब्रांट मात्र मलाही ठाऊक होता तो फक्त छापील. लहानपणी आमच्याकडे गुळगुळीत कागदाचं एक रशियन मासिक यायचं. त्याची पानं वह्यांना कव्हर म्हणून घालायचो. माझ्या इतिहासाच्या वहीवर वर्षभर हर्मिटेजचा पांढरा-सोनेरी जिना होता. आता भाची तिथे मेडिकलला आहे. गेल्या सप्टेंबरात तिच्याकडे गेले आणि सहा दिवसांतले तीन दिवस त्या जिन्यावरून चढउतार करण्यात घालवले.

नेव्हा नदीच्या काठाने एकमेकांना जोडलेल्या महालांची रांगच आहे ती. सगळ्यात मोठा झारचा हिवाळी महाल. एकूण संग्रह तीस लाखांहून अधिक वस्तूंचा. मी पाहिलं ते मूठभर. पण भाचीने पहिल्याच दिवशी एक खोड लावली. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र शोधलं की ते कधी आणि कुठून आलं याची नोंद मिळते. प्रत्येक चित्रापुढे ती मोबाईल काढायची आणि वाचून दाखवायची. सुरुवातीला मला ते चित्र बघण्याच्या आड आल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत मीच विचारायला लागले, ‘अगं, हे कुठनं आलं बघ.’

तर लुटीबद्दल. या संग्रहाची सुरुवात लुटीतून झाली नाही, एका कर्जातून झाली. बर्लिनचा गोत्स्कोव्स्की नावाचा व्यापारी प्रशियाच्या राजासाठी, फ्रेडरिकसाठी, चित्रं जमवत होता. सात वर्षांच्या युद्धाने राजाची तिजोरी रिकामी केली आणि व्यापारी चित्रांसकट अडकला. तो रशियाचं देणं लागत होता. १७६४ साली ती चित्रं कॅथरिन राणीने घेतली. पुढे जिथे कुणी मोठा माणूस कर्जात बुडेल किंवा मरेल, तिथे तिची माणसं हजर. १७७२ला पॅरिसमधला क्रोझा यांचा संग्रह आला, त्यात तत्त्वज्ञ दिदरोने मध्यस्थी केली. १७७९ला खुद्द ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांची चित्रं त्यांच्या नातवाने विकली. ही चित्रं देशासाठी घ्या, असं ब्रिटनच्या पार्लमेंटात आधी बोललं गेलं होतं. घेतली नाहीत. जहाजात भरून ती रशियाला आली.

रेम्ब्रांटचं ‘उधळ्या पुत्राचं परतणं’ असंच १७६६ साली पॅरिसहून विकत आलं. चित्र अडीच मीटरहून उंच. वाया गेलेला मुलगा सगळं उधळून परत आलाय, गुडघ्यावर बसून त्याने बापाच्या छातीत डोकं खुपसलंय. डोक्यावरचे केस भादरलेले, एका पायातली वहाण निघून पडलेली, दुसरीची टाच झिजून गेलेली. म्हाताऱ्याला नीट दिसतही नसावं, पण त्याचे दोन्ही हात मुलाच्या पाठीवर आहेत. एक हात रुंद, घट्ट रोवलेला. दुसरा मऊ, जवळजवळ आईचा.

हात काढायला सांगितले की मुलं काय करतात हे प्रत्येक चित्रकला शिक्षकाला ठाऊक आहे. पाठीमागे लपवतात, खिशात घालतात, पदराखाली झाकतात. रेम्ब्रांटने सगळं चित्रच त्या दोन हातांवर तोललंय. साधारण १६६८च्या सुमाराचं हे चित्र. १६५६ला त्याचं दिवाळं निघालं होतं, मुलगा टायटस १६६८त वारला आणि पुढच्या वर्षी तो स्वतः गेला. मी त्याच्यासमोर पाऊण तास होते. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या आजींनी (तिथे दालनादालनात अशा आजी राखणीला असतात) मला दोनदा न्याहाळलं आणि तिसऱ्यांदा मान हलवून हसल्या.

रेम्ब्रांटच्याच ‘डॅनाई’वर १९८५ साली एका माणसाने तेजाब ओतलं आणि सुऱ्याचे वार केले. ते सांभाळून पुन्हा उभं करायला बारा वर्षं लागली. आज ते काचेआड आहे.

विकत घेतलं म्हणजे सगळं स्वच्छ, असं मी म्हणत नाही. पैसा कुणाचा होता? कॅथरिनच्या रशियात जमिनीबरोबर विकले जाणारे भूदास होते आणि तिजोरी त्यांच्या कष्टांवर भरत होती. हे मला पुस्तकातून नाही, एका दगडी पात्रासमोर कळलं. कोलिवानचं पात्र, कॅथरिननंतरच्या काळातलं. हिरव्या जास्परच्या एकाच दगडातून कोरलेलं, पाच मीटर लांब, वजन सुमारे १९ टन. दूर अल्ताईच्या डोंगरात कारखान्याला बांधलेल्या मजुरांनी ते बारा वर्षं घासलं. तिथून दीडशेहून अधिक घोड्यांनी ओढलं, मग नद्यांमधून तराफ्यावर आलं. लोक त्याच्याशी फोटो काढून पुढे जातात. मी कडेला वाकून पाहिलं, हाताने घासलेल्या त्या कडेत एकही चूक सापडली नाही. त्या कारागिरांची नावं कुणाला सांगता येतील?

आणि काही गोष्टी अशा, जिथे मालक कोण हा प्रश्न अजून ओला आहे. सोन्याच्या दालनात सोलोखाची फणी आहे. वीतभरही नाही, पण तिच्यावर तीन योद्धे झुंजतायत, खाली पाच सिंह बसलेत, घोड्याच्या आयाळीचा केसन् केस दिसतो. सुमारे २,४०० वर्षांपूर्वीची. १९१३ साली नीपर नदीजवळच्या एका थडग्यात सापडली. तेव्हा तो मुलूख झारचा होता, आज तो युक्रेन आहे आणि तिथे युद्ध पेटलंय. पुढे फ्रेंच चित्रकार मातिसचं ‘नृत्य’. तांबडे देह, हिरवी टेकडी, निळं आकाश, बस. १९१०चं. मॉस्कोचे कापड व्यापारी श्चुकिन यांनी ते स्वतःच्या घराच्या जिन्यासाठी सांगून करून घेतलं होतं. क्रांती झाली, संग्रह सरकारने घेतला, ते परदेशी गेले आणि पॅरिसमध्ये वारले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन घरांतून उचलून आणलेली चित्रं तर जवळजवळ पन्नास वर्षं लपवून ठेवली होती. फ्रेंच चित्रकार एद्गार दगा याचं एक चित्र नष्ट झालं असंच जग समजत होतं, ते १९९५ला इथल्या भिंतीवर दिसलं. याला मी लूटच म्हणेन. रशियाने युद्धात काय गमावलं हे माहीत असूनही म्हणेन.

पण म्हणूनच ‘सगळी लूट’ हे वाक्य मला पटत नाही. ते म्हटलं की खरेदी, जप्ती, उत्खनन, वेठ, भेट हे सगळं एका पोत्यात जातं आणि खरी लूट कुठली हेच दिसेनासं होतं. शिवाय या चित्रांना वाचवणारी माणसंही त्याच पोत्यात जातात.

१९३०-३१मध्ये सोव्हिएत सरकारला यंत्रांसाठी परकीय चलन हवं होतं. त्यांनी गुपचूप हर्मिटेजची चित्रं विकायला काढली. अमेरिकेचे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी २१ घेतली. राफाएलची ‘आल्बा मॅडोना’ त्यातलीच, आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पौर्वात्य विभागावर पाळी आली तेव्हा तिथले योसिफ ओर्बेली यांनी थेट स्टालिनला पत्र लिहिलं. त्या काळात, त्या माणसाला! आणि तो विभाग वाचला.

हेच ओर्बेली १९४१ला संचालक होते. २२ जूनला हिटलरने हल्ला केला आणि १ जुलैला पहिली आगगाडी सुटलीसुद्धा. दोन गाड्यांमधून दहा लाखांहून अधिक वस्तू उरल पर्वतापलीकडे स्वेर्दलोव्स्कला गेल्या. तिसरी गाडी भरेपर्यंत लेनिनग्राडला (सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) वेढा पडला. तो ८७२ दिवस चालला. महालाच्या तळघरांत सुमारे दोन हजार माणसं राहत होती. वर तोफगोळे पडत होते, काचा फुटल्या होत्या, हिवाळ्यात माणसं भुकेने मरत होती. त्यांत संग्रहालयाची माणसंही होती.

चित्रं काढून नेताना चौकटी मात्र भिंतींवरच ठेवल्या होत्या. चित्र परत आलं की त्याची जागा हुकू नये म्हणून. १९४२च्या वसंतात काही सैनिक दालनांतला बर्फ आणि राडारोडा उपसायला आले. काम झाल्यावर संग्रहालयातले पावेल गुबचेव्स्की यांनी आभार म्हणून त्यांना संग्रहालय फिरवून दाखवलं. एकेका रिकाम्या चौकटीपुढे उभं राहून ते सांगत गेले: इथे हे चित्र होतं, प्रकाश या बाजूने येतो, हात असा आहे. मी आयुष्यभर मुलांना स्मृतिचित्र शिकवलं. ‘डोळे मिटा आणि आठवा,’ म्हणायचे. तिथे रेम्ब्रांटच्या दालनात भाचीने मला हे सांगितलं आणि मला बाकावर बसावं लागलं. चित्रं १९४५ला परत आली, आपापल्या चौकटींत बसली, आणि नोव्हेंबरात दालनं लोकांसाठी उघडली.

आता आपली गोष्ट. तिसऱ्या दिवशी हिऱ्यांच्या दालनात गेलो. त्याला वेगळं तिकीट, आणि गाईडबाईंशिवाय आत सोडत नाहीत. आमच्या गटात वीसेक माणसं, आम्ही दोघी सोडून सगळे रशियन. एका कपाटापुढे बाई म्हणाल्या (भाची कानात मराठीत सांगत होती), या पर्शियाच्या नादिरशहाने पाठवलेल्या भेटी, १७४१ साली त्याचे दूत चौदा हत्ती घेऊन पीटर्सबर्गला आले होते. कपाटात अंगठ्यात घालायची तिरंदाजाची अंगठी होती. सोनं, माणकं, पाचू. आत शाहजहानचा किताब कोरलेला.

१७३९चा मे महिना आपल्याला पाठ असतो तो वसईमुळे. चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्याच महिन्यात नादिरशहा दिल्ली धुऊन, हजारोंची कत्तल करून, मयूरासनासकट परत निघाला होता. ही अंगठी त्या ओझ्यातली. दिल्लीतून ती लुटून नेली आणि दोन वर्षांनी भेट म्हणून इथे पोचती केली. रशियाने ती लुटली नाही. तरी ती लुटीचीच आहे. आणि आपल्याकडचे किती पर्यटक इथल्या प्रसिद्ध मोरवाल्या घड्याळाचा फोटो काढून, या दालनाचं तिकीट न काढताच बसमध्ये बसतात!

मला राहवेना. भाचीला म्हटलं, ‘त्यांना सांग, ही दिल्लीची आहे.’

ती कुजबुजली, ‘मावशी, अगं सगळ्यांसमोर?’

‘सगळ्यांसमोर सांग.’

तिने रशियनमध्ये सांगितलं. बाई क्षणभर थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘हो. दिल्ली, १७३९.’ मग गटाकडे तोंड करून त्यांनी ती हकिकत सुरुवातीपासून सांगितली, या खेपेला दिल्लीपासून. दोन-तीन मिनिटं लागली असतील. त्यांचं बोलणं संपल्यावर पुढे गेलेली माणसंही मागे फिरली आणि त्या अंगठीवर पुन्हा वाकली.