बायकांचं गाणं नंतर

पुतण्याची हळद. बेळगावच्या वडगावातली गल्ली, दारात मांडव, टेम्पोवर रचलेली डॉल्बीची भिंत. माझं मागणं एवढंच, की एक गाणं माझ्या पसंतीचं लागावं. ‘बायकांचं गाणं नंतर’, असं आधी भावजी म्हणाले, मग त्यांचे मित्र, आणि मग एक असं कार्टं, ज्याचं बारसं मी जेवलेय. तोवर लागलेली सगळी गाणी बायकांवरचीच होती. पोरीची कंबर, पोरीची चाल, पोरीनं दिलेला धोका. नाचत होते बाप्ये.

शेवटी मी थेट डॉल्बीवाल्याकडं गेले. टेम्पोला त्याचा स्वतःचा बॅनर होता: काळा गॉगल, हात जोडलेले, दोन्ही बाजूंना एकेक वाघ. मी मोबाईल पुढं केला.

“अक्का, फोटो आला न्हाई. नेट स्लो हाय तुमचं.”

“फोटो आलाय. असाच आहे.”

चार्ली एक्ससीएक्स ह्या ब्रिटिश गायिकेचा ‘ब्रॅट’, जून २०२४चा अल्बम. मुखपृष्ठावर नुसता पोपटी-हिरवा रंग आणि मध्ये चार धुरकट काळी अक्षरं. पुढच्या वर्षी नाच-संगीताच्या अल्बमचं ग्रॅमी ह्यालाच मिळालं, हेही मी सांगून टाकलं. त्याच्यावर काही परिणाम नाही.

“बाईनं गायलंय न्हवं?”

“होय.”

“आन् बाईचाच फोटो न्हाई?”

“तिनंच ठेवला नाही.”

त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा आपल्या बॅनरवरच्या वाघांकडं पाहिलं. “दुसरं काय हाय?”

दुसरं होतं कॉन्फिडन्स मॅन, ऑस्ट्रेलियातला बँड. नावात मॅन, पण पुढं उभी बाई. ब्रिस्बेनची मंडळी, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचा तिसरा अल्बम आला. जॅनेट प्लॅनेट नाव लावणारी ती बाई गाते आणि हातपाय असे झटकते की बघणाऱ्याचं अंग दुखावं. शेजारी शुगर बोन्स नावाचा गडी तिच्या तालावर नाचतो, आणि मागं दोघं यंत्रं सांभाळतात, तोंडावर काळे जाळीदार पडदे घेऊन. व्हिडिओ बघताना डॉल्बीवाला पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसला.

“ह्यांनी तोंड कशाला झाकलंय?”

“स्टाईल आहे.”

“सोसायटीचं कर्ज बुडवलंय काय?”

“नाही हो.”

“मग? मशीनवाला मागं, तोंड झाकून, आन् बाई पुढं?” त्याला ते मनापासून लागलं. हाताखालच्या पोराला बोलावून त्यानं व्हिडिओ पुन्हा दाखवला. दोघांनी मिळून हळहळ व्यक्त केली. “आमच्या लायनीत असलं चालत न्हाई अक्का. मशीनवाला म्हंजे मेन.”

मग मीही पेटले. म्हटलं, मशीनवालीच बाई असली तर? कॅनडाची गायिका पीचेस, टोरांटोत मुलांना शिकवायची. २००० साली तिनं रोलंड एमसी-५०५ नावाच्या एका पेटीवर ताल-बेस जुळवून, त्यावर भल्याभल्यांचे कान लाल होतील असं गाऊन अख्खा अल्बम केला. (मीही बालवाडीत शिकवते. संस्थेनं आम्हाला दिलेलं एकमेव यंत्र म्हणजे झांजा, त्यातलीही एक पिचलेली.)

“एका पेटीवर?” त्यानं विचारलं. “टॉप किती, बेस किती?”

आता ह्याला काय सांगायचं.

“बरं, हलगी कुठं हाय ह्यात?”

“नाही.”

“मग पोरं नाचणार कशावर?”

“पोरं नाही नाचणार. आम्ही नाचणार.”

खरा राग मला इथं आला, आणि त्याच्यावर नव्हे. सकाळपासून हळद, जेवणावळ, पाहुण्यांचा चहा करून जावा-नणंदा पदर खोचून दारात उभ्या होत्या. डॉल्बीच्या पैशात माझ्या पगाराचेही होते. आणि आमची पाळी कधी, तर पोरं दमली की. पोरं दमत नाहीत. तेवढं एकच काम त्यांना असतं.

दहाला काही मिनिटं असताना लागलं. आधी ‘डीजेऽऽ बेळगाव किंग, खतरनाक!’ अशी आरोळी तीनदा, मग हलगी, आणि तिच्याखाली कुठंतरी विहिरीत पडल्यासारखी ओरडणारी चार्ली. तरी आम्ही उतरलो. मोठ्या जाऊबाईंनी चक्क एक गिरकी घेतली. तेवढ्यात गेलेली पोरं हलगी ऐकून परत आली, दातात रुमाल धरून, आणि आम्ही हळूहळू मांडवाच्या खांबाला लागलो.

“टैम आयतु, बंद माडरी,” गल्लीच्या तोंडाशी हवालदार उभा, वेळ झाली, बंद करा, असं कानडीत सांगत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, असा नियम आहे. एरवी ह्या गल्लीत तो साडेदहाला लागू होतो.

पोरं डॉल्बीवाल्याच्या पाठीवर थापा मारत होती. काय मिक्स केलंय म्हणे! त्याच्या स्टेटसला तो तुकडा अजून आहे, खाली त्याचंच नाव, बाजूला वाघ.

आज भावजी बिल घेऊन आले. शेवटच्या ओळीवर बोट. ‘स्पेशल इंग्लिश मिक्स, ५०० रु.’

“वैनी, हे तुमचंच की.”

“हलगी धरून का सोडून?” मी विचारलं.

“धरून,” ते म्हणाले, आणि मोबाईल पुढं केला, स्कॅन करायला.