जमीन घेताय? अभिनंदन! आता एवढंच करा

आधी मागच्या 30 वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट काढा. पेपरात जाहीर नोटीस द्या आणि ती कुणी वाचत नाही याची खात्री करून घ्या.

दस्त नोंदवायला जाताना डबा न्या.

इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, हातात पडला की लगेच पेढे वाटून टाका. पुढे तशी वेळ येईलच असं नाही.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काही जुनं दिसलं तर घाबरू नका. माझ्या तुकड्यावर शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे: 1974 साल, 600 रुपये, विहिरीवरच्या इंजिनासाठी. वकील म्हणाले होते, ‘किरकोळ आहे, कमी होईल.’ कर्ज घेणारे गेले, इंजिन भंगारात गेलं, विहीर बुजली, सोसायटी अवसायनात निघून संपली. बोजा ठणठणीत! तो कमी करायला गेलो तर, ‘काही बाकी नाही असा सोसायटीचा निल दाखला आणा.’ सोसायटीच उरली नाही म्हटलं, तर ‘मग ती नाही असा दाखला आणा.’ तो देणार कोण? ‘ते साहेबांना विचारा.’ साहेब मीटिंगला. तेव्हा मृत सोसायटीचं भूत उतरवणारा मांत्रिक आधीच गाठून ठेवा. बाकी प्रगती आहेच, हाच बोजा आता 15 रुपयांत, डिजिटल सहीसकट, घरबसल्या बघता येतो.

आणि ‘आता मी मालक ना?’ असं चुकूनही विचारू नका. 1908 च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे ती दस्ताची. विकणारा खरा मालक होता का, हे बघणं दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाचं काम नाही. सातबारा खरा मानायचा, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. आणि फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याने, मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा तरी सांगितलंय. मालक कोण ते दिवाणी कोर्ट सांगेल, तुमच्या नातवाला.

बास झाली थट्टा. इंग्लंड-वेल्समध्ये मालकीची सक्तीची नोंदणी 1 डिसेंबर 1990 पासून देशभर लागू झाली, पण तिथे रजिस्टर चुकून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई सरकारी रजिस्ट्री देते. सरकार, तुम्ही 2008 पासून जमिनीच्या नोंदींचं संगणकीकरण करताय, मोजणीला ड्रोन उडवलेत, जमिनीला 14 आकडी भू-आधार क्रमांक देताय. हमी कुठाय? मुद्रांक शुल्क घेता, वर 30 हजारांपर्यंत नोंदणी फी घेता. मग ‘हा मालक, चुकलं तर आम्ही भरू’ एवढं लिहून द्यायला हात का थरथरतो? तेही जमत नसेल, तर निदान ते 600 रुपये तुमच्याच दप्तरात शोधा आणि तुम्हीच खोडा. नोंद तुम्ही केलीत, दाखले मी का गोळा करायचे?